सात अंगठे आणि एक प्रायव्हेट नंबर

आमच्या टीममध्ये नऊ माणसं आहेत आणि त्यातली चार खान्देशात बसून काम करतात. मी भुसावळला, एकजण शिरपूरला, एकजण धुळ्याला आणि सगळ्यात नवी मुलगी नंदुरबारजवळच्या एका गावात. मॅनेजर आणि दोन डेव्हलपर पुण्यात, एकजण कोचीत, एकजण कानपूरला. काम गोदामांच्या सॉफ्टवेअरचं. कुठल्या रॅकवर किती माल आहे, कुठला ट्रक कधी निघाला, लेबलं बरोबर छापली का, असलं. मोठी गिऱ्हाइकं दोन, एक म्युनिककडचं आणि एक न्यू जर्सीचं. मी टेस्टिंग बघते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची आणि ती त्याला राग न येता पटेल अशी सांगायची. त्यामुळे टीममधल्या बोलाचालीबद्दल माझी मतं जरा जास्तच आहेत, आणि घरी ती ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. म्हणून इथे लिहिते.

टीममध्ये एकाच नावाचे दोघं आहेत, त्यामुळे कॉलवर गोंधळ व्हायचा. मग आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायला लागलो. "शिरपूर, ऐकू येतंय का?" "धुळे, म्यूट काढ भो!" आता तीच सवय झाली आहे, इथेही तशीच नावं वापरते.

घरून काम म्हटलं की लोकांना वाटतं, नेट आणि लॅपटॉप असला की झालं. भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला विचारा. पारा ४५ च्या वर, दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टरवर पंखा की राऊटर असा प्रश्न, आणि कूलर बंद झाल्यावर लॅपटॉपसुद्धा माणसासारखा धापा टाकतो. शिवाय सासूबाईंच्या हिशेबाने मी दिवसभर "घरीच" असते, त्यामुळे गॅसची टाकी आली की कॉल चालू असतानाच दार वाजतं. पण ही रडगाणी सगळ्यांची सारखीच आहेत. यातून मार्ग निघतो. न दिसणाऱ्या माणसांशी रोज काम कसं करायचं, हे मात्र आपोआप जमत नाही.

टीम चार जणांची होती तेव्हा आम्हाला कसलेच नियम लागले नाहीत. चार माणसांत दोघादोघांच्या जोड्या सहा होतात. फोन उचलायचा, बोलायचं, विषय संपला. नऊ माणसं झाली तेव्हा जोड्या ३६ झाल्या. माणसं दुपटीने वाढली आणि धागे सहापट झाले. कोणी कोणाला काय सांगितलं, हे एका डोक्यात मावेनासं झालं. पुण्याहून याच्यावर पहिला उपाय आला तो मिटिंगांचा. सकाळी स्टँडअप, दुपारी 'सिंक', संध्याकाळी आढावा, आणि शुक्रवारी एक गंमतजंमत कॉल, ज्यात सगळ्यांनी कप हातात धरून हसायचं. धुळे त्या कॉलला रिकामा कप घेऊन बसायचा, कारण त्या वेळेला त्याच्या घरी चहा होत नाही.

दुसरा उपाय, कॅमेरा चालू ठेवा. चेहरे दिसले की जवळीक वाढते म्हणे. शिरपूरचं घर गावाबाहेर, मळ्यात. तिथे नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. कॅमेरा चालू केला की त्याचा चेहरा दिसायचा, पण आवाज तुकड्यातुकड्यांत यायचा. "प्रिं... सर्व्हर... नाही." म्हणजे प्रिंट सर्व्हर चालू नाही, की प्रिंटचा प्रश्न सर्व्हरचा नाही? कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला कामचोर समजणारे लोक बहुधा चांगल्या फायबरवर बसलेले असतात. आता आमच्याकडे आवाज पहिला, चेहरा ऐच्छिक. त्याने जवळीक कमी झाल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

मिटिंगांनी काय झालं? बोलणं वाढलं. पण कोणाला काय कळलं हे मोजायचं साधन आलं नाही. ते आलं एका घोटाळ्यानंतर.

श्रावणातला सोमवार होता. आदल्या दिवशी आमच्या खान्देशातली देवी कानबाई बसवलेली, त्या दिवशी विसर्जन, त्यामुळे मी सुट्टीवर. म्युनिकच्या गोदामात वर्षाची मालमोजणी सुरू व्हायची होती. मोजणी चालू असताना रात्रीचं ऑटो-सिंक, म्हणजे आकडे आपोआप जुळवून घेणं, बंद ठेवावं लागतं, नाहीतर माणसांनी मोजून भरलेले आकडे जुन्या आकड्यांनी पुसले जातात. मॅनेजरने टीमच्या चॅटवर, म्हणजे आमच्या चॅनेलवर, लिहिलं, "मालमोजणीच्या काळात ऑटो-सिंक बंद ठेवायचं आहे. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी." त्या खाली सात अंगठे. माझा सोडून सगळ्यांचे.

रात्री सिंक ठरल्या वेळी चाललं आणि दिवसभर मोजलेल्या रॅकचे आकडे पुसून गेलं. म्युनिकच्या माणसांना ते सगळं पुन्हा मोजावं लागलं. त्यांचा मेल अतिशय सभ्य होता. त्या सभ्यतेनेच पुण्यात सगळ्यांना घाम फुटला.

मंगळवारच्या कॉलवर कोणीही खोटं बोललं नाही. मॅनेजरला वाटलं कानपूर करेल, कारण मागच्या वेळी त्यानेच केलं होतं. कानपूरला वाटलं, त्या रात्री ड्युटी कोचीची आहे. कोचीला वाटलं, "सर्वांनी नोंद घ्यावी" म्हणजे ही माहिती आहे, काम पुण्याचं आहे. पुण्याच्या दोघांनी मेसेज वाचला होता. शिरपूर म्हणाला, "मी तर लगेच अंगठा दिला होता!" आणि ते खरंच होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. भुसावळ विभागात, बरीचशी नोकरी सावदा, निंभोरा, रावेर या पट्ट्यात, केळीच्या बागांच्या मधून जाणाऱ्या लायनीवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळी नातवाला भेटायला आले की घड्याळ बघून सांगतात, आत्ता कुठली गाडी कुठे असेल. त्यांना मी हा किस्सा सांगितला. मला वाटलं "आजकालची पोरं" वगैरे ऐकायला मिळेल. ते एवढंच म्हणाले, "मग नंबर कोणी दिला?"

रेल्वेच्या घरात वाढल्यामुळे प्रायव्हेट नंबर हा शब्द मला माहीत होता, पण तो असतो कशासाठी याचा विचार कधी केला नव्हता. त्यांनी बसून समजावलं. समजा स्टेशनाजवळ फाटक आहे आणि ते सिग्नलला जोडलेलं नाही. गाडी सोडायच्या आधी मास्तर फाटकावर फोन करतो, गाडीचा नंबर सांगतो, फाटक बंद करायला सांगतो. गेटमन बाहेर जातो, फाटक पाडतो, कुलूप घालतो, परत येतो आणि फोनवर एक दोन आकडी नंबर सांगतो. हा नंबर त्याच्याकडच्या छापील कागदावरचा. आकडे उलटसुलट क्रमाने छापलेले, पाठ करून उपयोग नाही. पुढचा जो असेल तो द्यायचा, दिला की काट मारायची, पुन्हा तो वापरायचा नाही. इकडे मास्तर तो आकडा परत म्हणून दाखवतो आणि रजिस्टरमध्ये वेळेसकट लिहितो. मगच पुढचं. दोन स्टेशन मास्तरांमध्येही महत्त्वाचा निरोप असला की असेच नंबर दिले-घेतले जातात.

मी म्हटलं, "पण त्या आकड्याला अर्थ काय? सदतीस काय नि बावन्न काय."

"अर्थ नाहीच," आबा म्हणाले. "हो साहेब म्हणायला काही लागत नाही गं. माणूस झोपेतही हो म्हणतो. नंबर द्यायचा तर उठावं लागतं, दिवा लावून कागद बघावा लागतो. तेवढ्यात जाग येते आणि फाटक उघडं असलं तर आठवतं."

आमचा चॅनेलवरचा अंगठा हा झोपेतला "हो साहेब" होता. त्याला एक बोट लागतं, तेही स्क्रोल करता करता. आणि तो देणाऱ्याच्या मनात त्याचे किमान तीन अर्थ असतात: वाचलं, मान्य आहे, मी करतो. वाचणारा आपल्या सोयीचा घेतो. ऑफिसात बसलेलो असतो तर मॅनेजरने मान वर करून विचारलं असतं, "कोण करतंय रे?" आणि कोणाची तरी नजर वर आली असती. लांब बसलं की नजर नाही. त्यामुळे होकाराला थोडे कष्ट पडतील अशी सोय मुद्दाम करावी लागते. हे माझं सगळ्यात पक्कं मत आहे आणि यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

आम्ही काय केलं? नंबरांचे कागद अर्थातच छापले नाहीत. ठरवलं असं की ज्या मेसेजमध्ये काम आहे त्यात एकाच माणसाचं नाव हवं. 'सर्वांनी' हा शब्द त्यात चालणार नाही. आणि ज्याचं नाव आहे त्याने अंगठा द्यायचा नाही, आपल्या शब्दांत परत लिहायचं: काय करणार, कधी करणार, झाल्याचं कशावरून कळेल. पुढच्या मोजणीच्या वेळी मॅनेजरने लिहिलं, "कानपूर, आज रात्री ११ च्या आत म्युनिकचं ऑटो-सिंक बंद कर." कानपूरचं उत्तर आलं, "१०:३० ला म्युनिकचं बंद करतो, न्यू जर्सीचं चालू ठेवतो. बंद झाल्याचा स्क्रीनशॉट इथेच टाकतो. पण परत चालू कधी करायचं? आणि कोणी?"

हे शेवटचे दोन प्रश्न बघा. सिंक परत चालू कोण करणार, याचा विचार तोवर टीममध्ये एकानेही केलेला नव्हता. मॅनेजरनेसुद्धा नाही. अंगठा दिला असता तर तो प्रश्न तीन दिवसांनी म्युनिकहून, पुन्हा एका सभ्य मेलमधून आला असता. आपल्या शब्दांत लिहायला बसलं की न कळलेल्या जागा आपोआप टोचतात.

विरोध झाला, अर्थात. पुण्याचा एक डेव्हलपर म्हणाला, "ही काय शाळा आहे का, परत म्हणून दाखवायला?" कोचीला तर अपमानच वाटला. तो टीममधला सगळ्यात अनुभवी माणूस, त्याला वाटलं आपल्यावर विश्वास नाही म्हणून हे चाललंय. त्याची समजूत काढता येईना. मग मी मॅनेजरला एवढंच सुचवलं की आधी तुम्ही करून दाखवा. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे टेस्ट सर्व्हरची परवानगी मागितली तर त्यांनी चॅनेलवर लिहिलं, "गुरुवारी दुपारी ४ पर्यंत भुसावळला टेस्ट सर्व्हरची परवानगी मिळवून देतो, फक्त वाचायची, बदलायची नाही. बरोबर?" बरोबर नव्हतं. मला बदलायचीही हवी होती. ते सगळ्यांच्या देखत झालं आणि त्या दिवसापासून कोचीचा राग गेला. परत सांगायचा नियम फक्त खालच्यांना लावला तर तो पहाऱ्यासारखा वाटतो. वरून सुरुवात झाली की कोणी त्याचं काही वाटून घेत नाही.

सगळ्याच मेसेजना हा नियम लावू नका, एवढं सांगते. आम्ही सुरुवातीला उत्साहात सगळीकडे लावला आणि "आज जेवायला दहा मिनिटं उशिरा जातो" यालाही लोक परत लिहायला लागले. आता फक्त दोनच ठिकाणी: जिथे वेळेची मुदत आहे, आणि जिथे गिऱ्हाइकाच्या डेटाला हात लागणार आहे. बाकी ठिकाणी खुशाल अंगठे दाखवा.

आता जरा नाजूक विषय. आम्हा चौघा खान्देशी लोकांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'कळण्याची भाकर' (ज्वारी-उडदाच्या पिठाची) नावाचा. त्यात पावसाचे फोटो, लग्नपत्रिका, केळीचे भाव, पुण्याच्या मॅनेजरच्या नकला, सगळं चालतं. असे ग्रुप प्रत्येक टीममध्ये असतात, नाही म्हणणाऱ्याला त्यात घेतलेलं नसतं इतकंच. अडचण ही की गप्पांत काम घुसतं. एकदा धुळे आणि शिरपूर या दोघांनी तिथेच बोलून ठरवलं की चार वाजता टेस्ट सर्व्हर रिस्टार्ट करायचा. कोचीने त्याच सर्व्हरवर सकाळपासून मोठा डेटा भरायला लावला होता. सर्व्हर बसला, त्याची दिवसभराची मेहनत गेली. त्याला कळलं असतं कसं? तो ग्रुपमध्ये नाही, आणि असता तरी मराठी कुठे येतं त्याला.

मॅनेजरचं म्हणणं पडलं, ग्रुप बंद करा. मी म्हटलं, अजिबात नको. कारण त्याच ग्रुपवर मी एक गंमत पाहिली होती. पुण्याने एका नव्या फीचरचं लांबलचक इंग्रजी वर्णन चॅनेलवर टाकलं होतं. खाली धुळ्याचा अंगठा. त्याच मिनिटाला भाकरीवर धुळ्याचा मेसेज, "माले काहीच समजनं नही." अहिराणीत त्याला जे कबूल करता आलं ते इंग्रजी चॅनेलवर करता आलं नाही. ग्रुप बंद केला असता तर त्याचं न समजणं कुठेच दिसलं नसतं, अंगठा तेवढा उरला असता. मी त्याला म्हटलं, भाऊ, हेच वाक्य चॅनेलवर टाक, हिंदीत टाक, कशातही टाक. त्याने बिचकत बिचकत टाकलं. पाच मिनिटांत कोचीचं उत्तर, मलाही तिसरा मुद्दा कळलेला नाही. मग कानपूर. मग पुण्याचाच दुसरा डेव्हलपर! लिहिणारा सोडून कोणालाच ते कळलेलं नव्हतं आणि सगळे अंगठा देऊन गप्प होते.

तेव्हापासून भाकरीवर काहीही बोला, पण कामाचं काही ठरलं की ज्याने ठरवलं त्याने ते त्याच वेळी चॅनेलवर साध्या इंग्रजीत लिहायचं. आणि प्रश्न कुठल्याही भाषेत विचारला तरी चालेल, उत्तर मात्र सगळ्यांना कळेल असं. कॉलवर आम्ही हिंदी बोलतो आणि कोचीची हिंदी बेताची, म्हणून कॉल संपल्यावर चार ओळींचा सारांश पडतो. तो आम्ही आळीपाळीने लिहितो. सारांशाचं काम कायम सगळ्यात नव्या मुलीच्या गळ्यात मारायची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. पण एक खरं, नंदुरबारने ज्या आठवड्यात सारांश लिहिले त्या आठवड्यात ती जेवढं शिकली तेवढं ट्रेनिंगच्या व्हिडिओंतून शिकली नव्हती. लिहायचं म्हणून तिला विचारावं लागलं.

तारखा आणि वेळा हा एक वेगळाच छळ आहे, तो थोडक्यात सांगते. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, न्यू जर्सीला ४ मार्च. महिना अक्षरांत लिहा, विषय मिटला. वेळेचं त्याहून वाईट. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यांची हलतात, आणि तीही एकाच दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. न्यू जर्सीची सकाळी ९ ची मिटिंग हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी ७:३० ला असते, उन्हाळ्यात ६:३० ला. म्युनिकची सकाळी ९ ची हिवाळ्यात दुपारी १:३० ला, उन्हाळ्यात १२:३० ला. मधल्या दोन-तीन आठवड्यांत एक सरकलेली असते आणि दुसरी नसते. दर मार्चला कोणीतरी रिकाम्या कॉलवर एकटंच बसून राहायचं. आता मार्च आणि ऑक्टोबर सुरू झाला की शिरपूर चॅनेलवर त्या महिन्याच्या सगळ्या वेळा भारतीय वेळेत टाकतो, आणि मिटिंग ज्याच्या घड्याळाप्रमाणे चालते त्यानेच ती कॅलेंडरवर बनवायची. एवढं पुरतं.

हँडओव्हरवर मात्र मला थांबायचं आहे. शिरपूर रात्री उशिरापर्यंत न्यू जर्सी सांभाळतो, सकाळी ते माझ्याकडे येतं. आम्ही दोघं एकाच वेळी जागे आणि कामावर असतो असं फार कमी होतं. त्याच्या जुन्या नोटा अशा असायच्या: "न्यू जर्सी लेबल प्रिंटिंग इश्यू चालू आहे. बाकी ओके." सकाळी मी ते वाचून पहिला तासभर नुसती अंदाज बांधत बसायची, आणि त्याने रात्री करून पाहिलेलंच सगळं पुन्हा करून बघायची. त्याला फोन करावा तर पोरगा नुकताच झोपलेला.

आता त्याची नोट कशी असते ते बघा. ही खरी आहे, फक्त गिऱ्हाइकाचे तपशील काढलेत:

"लेबल प्रिंट. फक्त ३ नंबरच्या प्रिंटरवर चुकतंय, बाकी दोन ठीक. प्रिंटर बंद-चालू केला, केबल बदलायला लावली, फरक नाही. सुपरवायझरला सांगितलंय, तोवर २ नंबरवरून छापा. माझा संशय फाँटवर आहे पण तपासलेलं नाही. प्रश्न सुटला असं मी त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका."

यातली शेवटची दोन वाक्यं माझ्या मते सगळ्यात मोलाची. काय केलं ते सगळेच लिहितात, त्यात शाबासकी असते. काय तपासलं नाही आणि गिऱ्हाइकाला काय सांगितलं नाही, हे लिहायला माणूस कचरतो. आबांना ही नोट दाखवली तर त्यांनी चष्मा लावून वाचली. म्हणाले, चार्ज देताना डायरीत असंच असायचं, कुठल्या लायनीवर काय उभं आहे, कुठला सिग्नल बिघडलेला आहे, कोणाला कळवलंय, आणि खाली देणाऱ्याची नि घेणाऱ्याची, दोघांच्या सह्या. मग विचारलं, "तुझी सही कुठे आहे?" तेही बरोबरच होतं. तेव्हापासून मी सकाळी नोट वाचली की खाली एक ओळ लिहिते: "घेतलं. आधी फाँट बघते." शिरपूर म्हणतो, उठल्यावर ती ओळ दिसली की रात्रीचं ओझं उतरतं.

लाईट आणि नेटचंही असंच बसवलं. आधी दुपारी धुळे एकदम गायब व्हायचा आणि पुण्याला वाटायचं पठ्ठ्या झोपला. आता लाईट गेली की मोबाइलवरून एक ओळ: "लाईट गेली, इन्व्हर्टर दोन तास." किंवा "नेट गेलं, फोनवर मिळेन." कारण सांगत बसायची गरज नाही, किती वेळ आणि कुठे सापडेन एवढंच हवं. गायब होण्याला कोणाची हरकत नसते, पत्ता न लागण्याला असते. मे महिन्यात तर या ओळींवरून कुठल्या गावाला किती वाजता लाईट जाते याचं वेळापत्रकच तयार झालं, आणि मॅनेजरने त्या वेळांत कॉल ठेवणं बंद केलं. हा उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा विजय.

जे नियमांनी जमलं नाही तेही सांगते. नंदुरबार सहा-सहा तास एका जागी अडकून बसायची पण विचारायची नाही. तिला सगळ्यांनी सांगितलं, काहीही विचार, कधीही विचार. "हो ताई" म्हणायची आणि पुन्हा गप्प. ज्या माणसांना आपण फक्त गोल फोटोत पाहिलंय, त्यांच्यापुढे आपलं अडाणीपण कोण उघडं करणार? हिवाळ्यात आम्ही चौघं एकदा भेटलो. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी आणली, आमच्या ओळखीच्या एका मळ्यात काड्यांच्या जाळात भाजली, आणि धुळ्याने भरीत ठेचताना एवढ्या मिरच्या घातल्या की शिरपूरच्या डोळ्यांतून पाणी काढलं. नंदुरबार दिवसभर फार बोलली नाही. कळण्याच्या भाकरी मात्र तिने थापल्या, आणि माझी भाकर तव्यावर तुटली तेव्हा न विचारता हातातलं पीठ काढून घेतलं. "ताई, पाणी जास्त झालंय तुमचं." पुढच्या सोमवारी तिचा फोन आला, चॅनेलवर नाही, थेट फोन. "ताई, मला हे येत नाही." भरिताने जे झालं ते कुठल्या ॲपने झालं नसतं, आणि म्हणूनच कोची आणि कानपूरचं मला वाईट वाटतं. त्यांना बोलवायला कंपनी खर्च देईल का, हे मी दोनदा विचारून झालंय. उत्तरात अंगठा आला.

सध्या वाद चालू आहे तो व्हॉइस नोटांवर. धुळे चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोटा पाठवतो. त्याचं म्हणणं, टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, माणसाचा सूर कळतो. माझं म्हणणं, कामाची गोष्ट तिसऱ्या मिनिटाला येते, मध्ये कोंबडा ओरडतो, आणि महिन्याभराने ती शोधायची म्हटली तर सापडत नाही. कोचीला तर ती ऐकून उपयोगच नाही. मी सुचवलंय की नोट पाठवा, पण खाली दोन ओळी लिहा. यावर धुळ्याने आपला आक्षेप सविस्तर कळवला आहे. साडेतीन मिनिटांचा आहे, अजून ऐकायचा आहे.